संक्रांतीचं भेटकार्ड घरीच करा: दोऱ्याचा पतंग, दोऱ्याची चांदणी आणि मुंग्या न लागणारा हलवा

पूर्वी संक्रांतीला छोटी भेटकार्डं पाठवायची पद्धत होती बघा, तळहाताएवढं कार्ड, वर 'तिळगूळ घ्या गोड बोला' आणि आत चिमूटभर हलवा. पोचेपर्यंत त्या हलव्याचा भुगा झालेला असायचा नाहीतर पाकिटासकट मुंग्या. काही वर्षांपूर्वी मी हौसेने आतेबहिणीला तसंच कार्ड पाठवलं तर तिचा फोन, "अगं कार्ड मिळालं, हलवा मुंग्यांनी खाल्ला, त्या मात्र अगदी गोड बोलतायत." तेव्हाच ठरवलं की पुढच्या वर्षी हलवा दोऱ्याचाच करायचा. तेव्हापासून दर डिसेंबरात माझ्या जेवणाच्या टेबलावर कागद, सुया आणि दोऱ्यांचा पसारा असतो आणि घरचे ताट मांडीवर घेऊन जेवतात.

ज्यांना शर्टाचं बटण लावता येतं आणि बाकी काही येत नाही त्यांच्यासाठी हे लिहितेय. तीन कार्डं सांगते, सोप्याकडून थोड्या अवघडाकडे. पहिली दोन कागदावर सुईदोऱ्याने, तिसरं कापडावर भरून कार्डात बसवायचं.

एक गोष्ट आधी डोक्यात बसवा, कारण भरतकाम येणाऱ्या बायकासुद्धा इथेच फसतात. कापडावर टाका चुकला तर उसवतो, नखाने थोडं घासलं की भोक मिटतं आणि कोणाला कळतही नाही. कागदावर तसं नाही, सुई गेली की ते भोक कायमचं. त्यामुळे इथे कामाचा क्रमच उलटा आहे, आधी सगळी भोकं मोजून पाडायची, उजेडासमोर धरून तपासायची आणि मग सुईत दोरा ओवायचा. सुईनेच अंदाजाने भोक पाडत पाडत पुढे जाऊ म्हणाल तर ओळ वाकडी होणार, माझी झालीय, तीनदा.

सामान

कागद २२० ते ३०० जीएसएमचा घ्या (जीएसएम म्हणजे कागदाच्या वजनाचं माप, आकडा मोठा तितका कागद जाड), दुकानात कार्डशीट म्हणून मागा. शाळेचा चार्टपेपर पातळ पडतो, दोरा जरा ओढला की दोन भोकांमधला कागद फाटून दोन्हीचं एकच भोक होतं. ए-फोर कार्डशीटचे मधोमध दोन तुकडे केले आणि प्रत्येकाला घडी घातली की १०५ बाय १४८ मिलिमीटरची दोन कार्डं होतात, सुरुवातीला हाच साइज बरा. हातकागद दिसतो सुंदर पण त्याची भोकं लवदार होतात, तो दुसऱ्या वर्षी.

दोरा म्हणजे भरतकामाचा सहापदरी सुती दोरा, अँकर किंवा डीएमसीची लडी. एका लडीत ८ मीटर दोरा असतो आणि त्याचे सहा पदर सुटे करता येतात. कागदावर आपण दोनच पदर वापरणार, म्हणजे एका लडीतून २४ मीटर निघाला, एवढ्यात कार्डांची अख्खी चळत होते. म्हणून एकदम वीस रंग आणू नका, पांढरा, पिवळा, लाल आणि एखादा आवडीचा एवढं भरपूर झालं.

सुई भरतकामाची, ८ किंवा ९ नंबरची. नंबर वाढला की सुई बारीक होते, हे उलटं आहे ते लक्षात ठेवा नाहीतर दुकानात गोंधळ होतो. गोधडीची जाड सुई नको आणि भोकं पाडायला दाभण तर अजिबात नको, त्याने खिडक्या पडतात. भोकांसाठी बोर्डपिन किंवा डोक्याची टाचणी. खाली ठेवायला काहीतरी मऊ लागतं, त्यासाठी मी जुनी स्लीपर वापरते, स्वच्छ धुतलेली. हसू नका, थर्मोकोल दोन कार्डांत चाळणी होतो, स्लीपर चार वर्षं चाललीय.

बाकी स्टीलची पट्टी, कटर, शाळेचा ग्राफपेपर, पेपर टेप, डबल साइड टेप आणि रिफिल संपलेलं एक बॉलपेन. पुण्यात असाल तर तुळशीबाग आणि बोहरी आळी, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूची अब्दुल रेहमान स्ट्रीट, एका फेरीत सगळं मिळतं. बाकी गावांत एक स्टेशनरीवाला आणि एक ब्लाऊजचं मॅचिंग सेंटर एवढ्यावर भागतं.

घडी

कार्डाची घडी हाताने दाबून घालू नका, जाड कागद कडेला तडकतो आणि पांढऱ्या चिरा दिसतात. घडीच्या जागी पट्टी ठेवा, ते रिकामं बॉलपेन दाबून एकदा ओढा म्हणजे खाच पडते, मग दुमडा. कागदाला उभी-आडवी अशी दिशा पण असते. तुकडा न दुमडता दोन्ही बाजूंनी हलकाच वाकवून बघा, एकीकडे सहज वाकतो आणि दुसरीकडे अडतो, जिकडे सहज वाकतो तिकडे घडी घातली तर सुरेख बसते.

आणि नवशिक्यांनी एक करा, थेट कार्डावर शिवूच नका. त्याच कागदाचा ९ बाय १२ सेंटिमीटरचा वेगळा तुकडा कापा, त्यावर शिवा आणि झाल्यावर तो कार्डावर डबल साइड टेपने चिकटवा. बिघडला तर तुकडा गेला, कार्ड वाचलं. शिवाय मागचे दोरे, टेपा, सगळं आपोआप झाकलं जातं, आत वेगळा कागद लावायची कटकट नाही.

पहिलं कार्ड: पतंग

ग्राफपेपरवर साडेचार सेंटिमीटरचा चौकोन काढा, बाजूंवर दर ५ मिलिमीटरला टिंब द्या, कोपरे धरून ३६ टिंबं होतात. आता हा ग्राफपेपर तुकड्यावर कोपऱ्यावर उभा राहील असा ठेवा, पेपर टेपने दोन ठिकाणी धरा, खाली स्लीपर, आणि प्रत्येक टिंबातून टाचणी सरळ उभी खाली. तिरकी गेली तर मागच्या बाजूला भोक सरकतं. ग्राफपेपर काढून तुकडा खिडकीसमोर धरा, छत्तीस ठिपके उजेडाचे दिसले पाहिजेत. एखादं राहिलेलं असतंच.

दोरा हातभर कापा, त्याहून लांब घेतला की गुंता होतो हे नक्की. दोन पदर वेगळे काढताना एकेक पदर ओढून काढा आणि मग दोन जोडा, दोन एकदम ओढले की उरलेल्याची जटा होते. शेवटाला गाठ मारायची नाही, गाठीचा फुगवटा चिकटवल्यावर पुढून दिसतो. मागे दोन सेंटिमीटर शेपूट सोडा आणि पेपर टेपने चिकटवून टाका. सेलोटेप नको, काही वर्षांत ती पिवळी पडते आणि कडेने सुटते.

आता उलटी टीप. भोकांना मनात नंबर द्या. मागून २ मधून वर या, १ मध्ये खाली जा. मागून ३ मधून वर, २ मध्ये खाली. ४ मधून वर, ३ मध्ये खाली. असं फिरत फिरत पूर्ण चौकोन. पुढून सलग रेघ दिसते, मशीनच्या टिपेसारखी. प्रत्येक भोकात सुई दोनदा जाते, त्यामुळे दुसऱ्यांदा जाताना आधीचा दोरा सुईच्या टोकाने फाटू देऊ नका, जरा बाजूने घाला.

दोरा ओढायचा किती हे सांगणं कठीण आहे. कागदाला टेकला की थांबा. मी सवयीने साडीचा फॉल लावल्यासारखा खटकन ओढायचे आणि कागद करकचून वाकायचा. सुई कागदाच्या सरळ वर ओढा, आडवी ओढली की दोरा करवतीसारखा भोक कापतो.

पतंगाची मधली उभी काडी म्हणजे वरच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत एकच लांब टाका. सहा सेंटिमीटरचा दोरा लोंबतो, म्हणून मध्यावर दोन शेजारी भोकं पाडून एका छोट्या टाक्याने तो दाबून टाका. मांजा धावदोऱ्याने, भोकाआड भोक, वर-खाली-वर-खाली, तुकड्याच्या कोपऱ्यापर्यंत नागमोडी नेऊन सोडा. आडवी कमान मी गाळते. भाचा म्हणाला असा पतंग उडणार नाही. नको उडू दे.

दुसरं कार्ड: चांदणी

हे माझं सगळ्यात आवडतं, कारण यात एकही वाकडा टाका नाही, सगळ्या सरळ रेघा, आणि तरी डोळ्यांना गोलाई दिसते. ही युक्ती मेरी एव्हरेस्ट बूल (१८३२-१९१६) या बाईंच्या नावावर आहे, मुलांनी कार्डावर शिवता शिवता भूमिती शिकावी म्हणून त्यांनी ती पुढे आणली. नवरा तो गणितवाला जॉर्ज बूल, ज्याच्या नावाचं बीजगणित कॉम्प्युटरवाले शिकतात, आणि काका जॉर्ज एव्हरेस्ट, ज्याचं नाव शिखराला दिलं. एवढ्या मोठ्या नावांच्या मधली बाई हातात सुई घेऊन बसली होती याचं मला उगाचच कौतुक वाटतं.

ग्राफपेपरवर एक मध्य ठरवा, तिथून वर, उजवीकडे, खाली, डावीकडे ४ सेंटिमीटरच्या चार दांड्या. प्रत्येक दांडीवर दर ५ मिलिमीटरला टिंब, म्हणजे दांडीला आठ, चार दांड्यांची बत्तीस. मध्यावर भोक नाही, तिथे पाडलं तर कागद कमजोर होतो आणि त्याचा उपयोगही नाही.

सगळी गंमत मोजण्यात आहे. पहिला कोपरा वरची दांडी आणि उजवी दांडी. वरच्या दांडीवर टोकाकडून १ ते ८ मोजा आणि उजवीवर मध्याकडून १ ते ८. आता एकला एक, दोनला दोन असं जोडायचं, पण दोरा वाचवत:

वरची १ मधून वर या, उजवी १ मध्ये खाली जा.
मागच्या मागे शेजारच्या उजवी २ मधून वर या, वरची २ मध्ये खाली.
मागच्या मागे वरची ३ मधून वर, उजवी ३ मध्ये खाली.
मग उजवी ४ मधून वर, वरची ४ मध्ये खाली, आणि असंच आठपर्यंत.

मागे फक्त अर्ध्या सेंटिमीटरचे बुटके टाके दिसले पाहिजेत. मागे लांब रेघ दिसली की समजा क्रम चुकला, तिथल्या तिथे एक टाका मागे जा. आठव्या रेघेला तुम्ही वरच्या दांडीवर मध्याजवळ पोचता, तिथे दोरा कापून मागे टेप.

पुढचा कोपरा उजवी आणि खालची, उजवीवर टोकाकडून मोजा, खालचीवर मध्याकडून. मग खालची टोकाकडून आणि डावी मध्याकडून, शेवटी डावी टोकाकडून आणि वरची मध्याकडून. म्हणजे प्रत्येक दांडी एकदा टोकाकडून आणि एकदा मध्याकडून मोजली जाते. वाचून डोकं गरगरतं मला माहितेय, पण पहिला कोपरा हाताने केला की बाकीचे तीन टीव्ही बघत होतात.

दोऱ्याचा हिशोब मी बसून केलाय. एका कोपऱ्याला पुढचे-मागचे मिळून साधारण ३२ सेंटिमीटर दोरा लागतो, शेपटं धरून अर्धा मीटर कापा. म्हणजे एका चांदणीला २ मीटर आणि एका लडीतून बारा चांदण्या. गडद निळ्या कागदावर पांढरी चांदणी काढली तर थंडीतलं आकाश दिसतं. दिवाळीला हीच पिवळ्या-केशरीत काढून खाली धावदोऱ्याच्या चार झिरमिळ्या सोडल्या की आकाशकंदील, वेगळं काही शिकायला नको.

तिसरं कार्ड: हलव्याचा हार

संक्रांतीला काळं नेसायचं आणि त्यावर पांढरेशुभ्र हलव्याचे दागिने, नव्या सुनेला पहिल्या संक्रांतीला, बाळाला बोरन्हाणाला. तेच कार्डावर आणायचं. काळ्या सुती कापडावर गाठीच्या टाक्याचा हार, आणि कार्डाला खिडकी पाडून मागून कापड लावायचं. ही खिडकीची कल्पना जुनीच आहे, पहिल्या महायुद्धात फ्रान्समधून सैनिक घरी भरतकामाची रेशमी पोस्टकार्डं पाठवत ती अशीच, भरलेलं कापड कार्डाच्या चौकटीत बसवलेलं.

काळं पॉपलीन १५ बाय १५ सेंटिमीटर, ब्लाऊजपीसचा उरलेला तुकडा चालतो, भरतकामाच्या चार इंची रिंगमध्ये (कापड ताणून धरणारं गोल कडं) ढोलकीसारखं ताणून लावा. धुतलेलं कापड घ्या. पहिल्या वर्षी मी नवं कोरं कापड घेतलं, थोडं ओलं करून इस्त्री केली आणि पांढरा हलवा राखाडी झाला. लाल दोऱ्याचं पण तेच, ओल्या पांढऱ्या फडक्यावर दाबून बघा, रंग सोडतो का ते कळतं.

पांढऱ्या पेन्सिलने किंवा शिंप्याच्या खडूने इंग्रजी यू काढा, वर साधारण ४ सेंटिमीटर रुंद. त्यावर ४ मिलिमीटरच्या अंतराने पंचवीसेक टिंबं, खाली मधोमध पदक म्हणून एका टिंबाभोवती सहा.

गाठीचा टाका असा. तीन पदर ओवा, कापडाखाली शेवटाला गाठ मारा, इथे गाठ चालते. टिंबातून सुई वर काढा. डाव्या हाताने दोरा कापडापासून दोनेक इंचांवर धरून ताणा आणि सुईच्या टोकाभोवती दोन वेढे घ्या, सुई दोऱ्याभोवती नाही, दोरा सुईभोवती. डावा हात न सोडता सुईचं टोक जिथून वर आलो त्याच्या अगदी शेजारी, दोन धागे सोडून, टेकवा. आता दोरा हळू ओढा म्हणजे वेढे सरकून कापडाला चिकटतात, मग सुई खाली. डाव्या हाताचा ताण शेवटपर्यंत सोडायचा नाही. सैल सोडला की गाठीऐवजी फासा होतो.

गाठ कापडातून खाली पळून गेली तर तुम्ही त्याच भोकात सुई घातलीत. गाठ झिपरी झाली तर वेढे तीन झाले किंवा दोरा पिळला गेलाय, तेव्हा सुई मोकळी लोंबकळत सोडा, गिरक्या घेऊन पीळ आपोआप उलगडतो. सुरुवातीच्या दहा गाठी रद्दी कापडावरच करा, दहावीपर्यंत हात बसतो. आणि सगळ्या एकसारख्या झाल्या नाहीत तर बरंच आहे, खऱ्या हलव्याचा दाणा तरी कुठे एकसारखा असतो, घरी परातीत हलवा केलेल्या बायकांना विचारा. मध्ये मध्ये एखादी पिवळी, एखादी गुलाबी घाला.

झाल्यावर जाड टॉवेलवर कापड पालथं ठेवून मागून इस्त्री. सुलटीकडून केली की गाठींच्या चकत्या होतात.

कार्डासाठी ए-फोर शीट लांबीत अर्धी कापा, २९७ बाय १०५ ची पट्टी मिळते. तिला दोन खाचा मारून तीन घड्या, प्रत्येकी ९९ मिलिमीटर. मधल्या भागात ६ बाय ६ सेंटिमीटरची खिडकी कापा, वर २ आणि खाली अडीच सेंटिमीटर सोडून, अगदी मधोमध ठेवली की डोळ्याला घसरल्यासारखी वाटते. कटर एकदाच दाबून चालवू नका, हलक्या हाताने तीन-चार वेळा, कोपऱ्यापासून मध्याकडे. पट्टी ही बोटं वाचवणारी गोष्ट आहे, प्लॅस्टिकची नको, कटर तिच्यावर चढतं.

कापड ८ बाय ८ कापा, खिडकीच्या मागे चारी बाजूंना डबल साइड टेप लावून बसवा. मग एका बाजूची घडी आत घेऊन त्याच्यावर चिकटवा म्हणजे मागची सगळी भानगड बंद. ही घडी दोन मिलिमीटर कमी करा, नाहीतर कार्ड नीट मिटत नाही. पांढरा पातळ गोंद इथे वापरू नका, त्यातल्या पाण्याने कागद फुगून पापडासारखा होतो आणि काळ्या कापडावर डाग येतो. माझी सहा कार्डं अशी गेलीत, तीही तेरा जानेवारीला रात्री.

पाठवताना

आतला मजकूर शिवायच्या आधी लिहा. नंतर लिहायला गेलं की गाठींच्या उंचवट्यावर पेन उड्या मारतं, आणि चूक झाली तर अख्खं कार्ड गेलं.

३०० जीएसएमच्या अर्ध्या ए-फोरचं वजन साधारण साडेनऊ ग्रॅम भरतं, वर तुकडा, कापड, टेप आणि पाकीट. घरी स्वयंपाकाचा काटा असेल तर तोलून बघा, नाहीतर पोस्टाच्या खिडकीवर वजन करूनच तिकिटं लावा, अंदाजाने लावलं तर घेणाऱ्याला दंड भरून संक्रांत साजरी करावी लागते. कार्डाच्या पुढच्या बाजूला एक साधा जाड कागद घाला म्हणजे वरून शिक्का बसला तरी गाठी दबत नाहीत, आणि जमलं तर पाकिटावर शिक्का हळू मारा म्हणून खिडकीवर सांगा, कधी कधी ऐकतात.

परदेशी पाठवणार असाल तर आत खरे तीळ किंवा हलवा घालू नका, खाण्याच्या वस्तू आणि बिया बऱ्याच देशांत कस्टमवाले काढून घेतात. दोऱ्याचा हलवा कोणी अडवत नाही. आणि चौदा जानेवारीपर्यंत पोचलं नाही तरी घाबरू नका, तिळगूळ रथसप्तमीपर्यंत चालतो. आतेबहिणीचं कार्ड मी दरवर्षी त्याच हिशोबाने टाकते. मागच्या वेळी तिचा फोन आला, "मुंग्या येऊन बघून गेल्या गं, बिचाऱ्या."